सहा नंबरची चूक

"चेंडू मरू द्या सर, मग लिहू."

हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, सांगता येणार नाही. पण त्या वाक्याने एका लेखाचा आरंभ करण्याचे धाडस वयाच्या पासष्टाव्या वर्षी प्रथमच करीत आहे, आणि त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. पुष्कळ वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा केल्या. स्वतः मात्र शोकसभेच्या ठरावापलीकडे काही लिहिले नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते गृहस्थ लिहिण्याच्या बाबतीत माझ्यापेक्षा फार काटेकोर होते. त्यांनी हे वाचले असते, तर दोन-तीन ठिकाणी बोट ठेवून विचारले असते, "हे तुमी बघितलंय का ऐकलंय?" म्हणून शक्यतो बघितलेलेच लिहितो.

ते सेलूला आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. शाळेत अशा सगळ्यांना मामा म्हणतात, तसे त्यांनाही म्हणत, मीही म्हणे. उंच, किडकिडीत शरीर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात दोऱ्यात ओवलेली लिंगाची चांदीची डबी, आणि उजव्या कानावर पेन्सिल. ती पेन्सिल त्यांच्या कानावर इतकी वर्षे बसली होती की तिथे केस उगवेनासे झाले होते. प्रयोगशाळेत ते बाटल्या धूत आणि बेडकांचे नमुने सांभाळत. मैदानावर मात्र जिल्ह्यात त्यांच्यावाचून कोणाचे चालत नसे, कारण बेसबॉलचा स्कोअर लिहिणे जिल्ह्यात एकट्या त्यांना येत होते.

आमच्याकडे बेसबॉल खेळतात हे ऐकून बाहेरगावचे पाहुणे हसतात. पण शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे, आणि यादीत खेळ आला की शाळेत संघ निघतो. आमचा मुलींचा संघ होता. बॅटी चार होत्या, हातमोजे सात. आमच्या मुली क्षेत्ररक्षणाला उतरल्या की दोन हातमोजे समोरच्या संघाकडून मागून घेत. त्यांचे असेच काही कमी असले, की आमचे त्यांना देत. यावरून भांडण झालेले मला आठवत नाही.

मामांना ही विद्या एका तरुण क्रीडाशिक्षकाने दिली. ते शिक्षक दोन वर्षे राहिले आणि नोकरी सोडून गेले, पण जाण्यापूर्वी मधल्या सुटीत प्रयोगशाळेच्या टेबलावर त्यांनी मामांना सगळा खेळ मांडून दाखवला. नऊ खेळाडूंच्या जागी रसायनांच्या नऊ बाटल्या. चेंडू फेकणारी पिचर एक नंबर, तिचा चेंडू झेलणारी कॅचर दोन, मग पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवरच्या तीन, चार, पाच. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहणारी शॉर्टस्टॉप सहा. मागच्या मैदानातल्या तिघी सात, आठ, नऊ. सहा नंबरला त्यांनी सल्फ्युरिक आम्लाची बाटली ठेवली होती.

"ती कामून तिथं?" मी एकदा विचारले.

"तिथं तेजच माल लागतो सर," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त चेंडू तिच्याकडंच येतेत."

स्कोअरच्या कागदाची रचना वाचकांना थोडक्यात सांगितली पाहिजे. प्रत्येक फलंदाज मुलीसाठी एक ओळ, प्रत्येक डावासाठी एक चौकट, आणि चौकटीच्या आत पतंगासारखा तिरपा उभा एक लहान चौकोन. त्याचे चार कोपरे म्हणजे चार बेस. मुलगी जिथपर्यंत पोहोचली तिथपर्यंत रेघ ओढायची. चारही कोपरे फिरून ती घरी आली, म्हणजे धाव झाली, की पतंग पेन्सिलने भरून टाकायचा. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि मारणारी बाद झाली, तर 'सहा-तीन' लिहायचे. तीन चेंडू चुकवून बाद झाली तर इंग्रजी 'के'. तिसरा चेंडू आला तेव्हा तिने बॅट हलवलीच नाही, नुसती बघत राहिली, तर तोच 'के' उलटा.

उलट्या 'के'चे मामांना वाईट वाटे. सामना संपल्यावर त्या मुलीला ते हळूच बाजूला घेत. "माय, बॅट तरी फिरवत जा. सुलटा के लिहिताना माझा हात दुखत न्हाई."

मी या सगळ्यात आलो तो माझ्या अक्षरामुळे. मामांच्या खुणा छापल्यासारख्या असत, पण नावे लिहिताना त्यांची पेन्सिल अडखळे. मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या शेजारी बसवले. "अंक माझे, नावं तुमची," अशी मामांनी वाटणी केली, आणि मी अकरा हंगाम त्यांच्या डाव्या हाताला छत्री धरून बसलो. मला गर्दीची भीती वाटते. त्या टेबलाशी बसल्यावर कोणी माझ्याशी बोलत नसे, ही माझी मोठीच सोय होती.

चेंडू खेळात असेपर्यंत मामा लिहीत नसत. मुली धावत असत, प्रेक्षक ओरडत असत, मी चौकटीवर बोट ठेवून वाट पाही, आणि ते म्हणत, "चेंडू मरू द्या." पंचांनी हात वर करून खेळ थांबवला की मगच पेन्सिल कानावरून उतरे. कोणत्याही संघाचा चहा ते घेत नसत. पाण्याची बाटली घरून आणत. स्वतःच्या शाळेने सामना जिंकला तरी त्यांनी टाळी वाजवलेली मी पाहिली नाही. एकदा जिंतूरच्या एका शिक्षकाने थट्टा केली, "मामा, हसायला तरी परवानगी हाय का टेबलावर?" मामा म्हणाले, "हाय की. डाव संपल्यावर."

त्याच जिंतूरची एक गोष्ट. सामना संपला की मामा ताळा घेत. जितक्या मुली बॅट घेऊन आल्या, तितक्यांचा हिशोब लागला पाहिजे: कोणी बाद झाली, कोणी धाव काढली, कोणी बेसवरच उभी राहिली आणि डाव संपला. या तिन्हींची बेरीज आलेल्या मुलींइतकी भरली पाहिजे. त्या दिवशी हरलेल्या संघाच्या एकतीस आल्या होत्या. एकवीस बाद, सहा धावा, तीन बेसवर. तीस.

"एक पोरगी हरवलीय," मामा म्हणाले.

एसटी उभी होती. दोन्ही संघ पिशव्या घेऊन लिंबाखाली बसले होते, चालक भोंगा वाजवत होता. मामा डावामागून डाव तपासत होते. त्यांनी हरलेल्या मुलींना ओळीने बोलावून विचारले. शेवटी एक बारकी, दोन वेण्यांची मुलगी खाली बघत म्हणाली, "मामा, मी तिसऱ्या बेसवर व्हते. ताई औट झाली तवा मी तिथंच व्हते. मग समद्या पळाल्या मनून मी बी आले."

चौथ्या डावात ती तिसऱ्या बेसवर राहिली होती, आणि गडबडीत तिची रेघ ओढायचीच राहून गेली होती. मामांनी ती ओढली, सही केली. तोवर एसटी निघून गेली. आम्ही सरकी नेणाऱ्या टेम्पोतून सेलूला आलो. वाटेत मी थोडा कुरकुरलो असेन, कारण ते म्हणाले, "तसंच आलो असतो तर ती पोरगी तिथंच उभी राहिली असती न्हवं का सर, तिसऱ्या बेसवर?" हे ते विनोदाने म्हणाले की नाही, हे मला तेव्हा कळले नाही.

आता मुख्य भागाकडे आले पाहिजे, आणि त्यासाठी 'चूक' म्हणजे काय हे सांगणे आवश्यक आहे.

चेंडू मारला आणि फलंदाज बेसवर पोहोचली, तर स्कोअर लिहिणाऱ्याने ठरवायचे असते की ते तिचे कौशल्य, म्हणजे 'हिट', की चेंडू अडवणारीची चूक. चूक असेल तर इंग्रजी 'ई' आणि तिच्या जागेचा अंक. पंच यात पडत नाहीत. धावा तितक्याच राहतात, जय-पराजय तोच राहतो. दोष कोणाच्या नावावर जातो, एवढेच ठरते. साधारण मेहनतीत जे जमायला हवे ते जमले नाही, तरच चूक. आणि जमिनीवरून येणारा चेंडू खड्यावर आपटून वाकडा उसळला, तर चूक लिहायची नाही. तो हिट.

हा नियम मामांना विशेष प्रिय होता. आमची मैदाने काळ्या मातीवर मुरूम टाकून केलेली. सामन्याच्या सकाळी लवकर येऊन ते दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात वाकून फिरत आणि खडे वेचून खिशात टाकत. ते त्यांचे काम नव्हते. तरीही एखादा खडा राहून जाई, चेंडू उसळे, आणि कोणी शिक्षक टेबलाशी येऊन वाद घाली. मामांचे उत्तर ठरलेले होते. "खड्याचा गुन्हा पोरीवर कामून घालायलाव?"

त्यांची मुलगी शिवानी आमच्याच शाळेत होती. बारावीला असताना ती जिल्ह्याच्या संघात शॉर्टस्टॉप होती. तिला पोलिसात जायचे होते. दुसरे काही व्हायचे आहे, असे तिने कधी म्हटल्याचे मला स्मरत नाही. विभागीय स्पर्धेतून राज्य स्पर्धेसाठी विभागाचा संघ निवडला जाणार होता. राज्यात खेळले की बारावीला वाढीव गुण, आणि तिथे पदक मिळाले तर पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. घरात दुसरा मार्ग नव्हता, आणि हे तिला चांगले माहीत होते. सहा नंबरच्या जागेसाठी दोघींचा विचार चालू होता. दुसरी मुलगी समोरच्या संघात होती.

दोघींच्या संघांचा विभागीय सामना परभणीला होता. मामांनी आठवडाभर आधी संयोजकांना सांगितले, "माझी पोरगी खेळायलीय. दुसरा माणूस बसवा."

संयोजक म्हणाले, "दुसरा आणू कुठून? ती नक्षी तुमच्याशिवाय कोणाला येते?"

त्या सकाळी आम्ही मैदानावर लवकर पोहोचलो. मामा टेबलाशी बसून राहिले. मी म्हटले, "मामा, खडे?"

"आज न्हाई," ते म्हणाले. "आज लोक बघायलेत."

समोरच्या संघाचे प्रशिक्षक पहिल्या डावापासून आमच्या पाठीमागे जाळीला टेकून उभे होते. स्वभावाने वाईट नव्हते, पण तोंडाने फटकळ. "काय मामा, आज पेन्सिल घरचीच का?" असे त्यांनी दोनदा विचारले. मामांनी मान वळवली नाही.

शिवानी फार सुरेख खेळली. पाच वेळा मी मामांना 'सहा-तीन' लिहिताना पाहिले. प्रत्येक वेळी त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला, इतकेच. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. समोरच्या दोघी बाद झाल्या होत्या, दोघी बेसवर होत्या, दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर. एक बाद मिळाली की सामना आमचा. फलंदाजाने चेंडू जमिनीलगत मारला. तो सरळ शिवानीकडे गेला, साधा, पोराटोरांनीही अडवावा असा. ती वाकली, हातमोजा जमिनीला टेकवला.

तिच्यापासून हातभर अंतरावर चेंडू खड्यावर आपटला. मी तो खडा पाहिला. पांढरट, बोराएवढा, तो एका बाजूला उडाला आणि चेंडू दुसऱ्या बाजूला, वर, तिच्या गळ्याच्या हाडावर बसून डाव्या मैदानात गेला. ती कळवळून खाली बसली आणि पुन्हा उठून धावली. तोवर दोघी घरी पोहोचल्या होत्या आणि सामना गेला होता.

पंचांनी हात वर केला. मामांनी पेन्सिल उतरवली. ती चौकटीवर नेऊन धरली आणि लिहिले नाही. तोवरच्या हंगामांत जे त्यांनी कधी केले नव्हते ते केले, माझ्याकडे वळून विचारले, "सर, तुमाला काय दिसलं?"

प्रशिक्षक आमच्या मागे जाळीला हात घालून उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी 'खडा' म्हटले असते, तर ते बोलले असते, लोक जमले असते, मला सर्वांसमोर काही सांगावे लागले असते, आणि मीही त्याच शाळेचा होतो. हा सगळा विचार मी तेव्हा केला, असे म्हणणे खोटे ठरेल. मला फक्त भीती वाटली.

"माझं लक्ष नव्हतं मामा," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग 'ई' लिहिला आणि त्यापुढे सहा.

शिवानी मैदानातून थेट टेबलाकडे आली. गळ्याजवळ कातडी लाल झाली होती. तिने मूठ उघडून खडा कागदाशेजारी ठेवला. "अप्पा, हा बघा. ह्याच्यावर आपटला चेंडू."

मामा कागदाकडेच बघत होते. "खेळाडूनं टेबलापाशी यायचं नसतं," ते म्हणाले.

"अप्पा, मी खोटं बोलायलेय का?"

"जा. समोरच्या पोरींशी हात मिळवून घे."

ती गेली. तिने रांगेत उभे राहून सगळ्यांशी हात मिळवले. मामांनी ताळा घेतला. तो पहिल्याच वेळी जुळला.

परत निघताना त्यांनी कागद माझ्या हाती दिला. "उद्या दुपारपर्यंत तुमच्याकडं ठेवा. नियमात एक दिवस हाय. कुणाचं काही म्हणणं असलं तर लिहिलेलं बदलता येतं. मग मी संयोजकांना देऊन टाकतो."

मला वाटले, नावे एकदा तपासावीत म्हणून दिला असेल. मी नावे तपासली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते शाळेत माझ्या वर्गाच्या दाराशी आले आणि उभे राहिले. मी कागद दिला. ते तरीही थोडा वेळ उभे होते. मग म्हणाले, "बरं," आणि गेले.

निवड समितीपुढे दोन्ही मुलींचे कागद होते. एकीची चूक शून्य, एकीची एक, आणि तीही सामना घालवणारी. दुसरी मुलगी निवडली गेली. ती चांगली खेळाडू होती, हेही लिहिले पाहिजे.

शिवानीने त्यानंतर हातमोजा घातला नाही. बारावीनंतर दोनदा पोलीस भरतीला उतरली. पहाटे आमच्या घरावरून धावत जाई. मी अंगणात असलो तर "नमस्कार सर" म्हणे आणि वेग कमी करत नसे. दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता आला असता तर, हे वाक्य तिने कधी उच्चारले नाही. तिच्या आईने एकदा उच्चारले, माझ्यासमोर, भांडी लावता लावता. मामा तेव्हा शेजारच्या खोलीत होते, आणि ती खोली फार लांब नव्हती.

पुढे तिचे लग्न पेडगावला झाले. माणसे बरी आहेत. सणाला ती येई, स्वयंपाकघरात आईजवळ बसे. वडिलांशी ती बोलत नव्हती असे नाही. गोळी घेतली का, पाणी देऊ का, इतके बोले. मामा प्रत्येक वेळी "हाव" म्हणत.

त्या सामन्यानंतरही मामांनी चार वर्षे स्कोअर लिहिला. ते पूर्वीसारखेच काटेकोर होते. खडे मात्र त्यांनी पुन्हा वेचले नाहीत. एका सामन्यात हैदराबादी ढंगाची उर्दू बोलणारे एक वयस्कर पंच त्यांना म्हणाले, "मामा, आजकल आप बहुत खामोश हैं." मामा म्हणाले, "पहले कौनसे बोलते थे जी?" हसले फक्त पंच.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. मी आठवड्यातून दोनदा दुपारी जाऊन बसू लागलो. बोलायचे काय, हा आम्हा दोघांचाही प्रश्न होता. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने पलंगाखालची पत्र्याची पेटी दाखवली. तिच्यात जुन्या स्कोअरच्या प्रती होत्या, कार्बनच्या.

"वाचा सर."

मी एक कागद घेऊन वाचू लागलो. पहिला डाव, पहिली फलंदाज, सहा-तीन. दुसरी, के. तिसरी, चार चेंडू बाहेर म्हणून पहिला बेस. मामांनी डोळे मिटले होते. "ही ती डावखुरी," ते तोंड वाकडे होत असताना सावकाश म्हणाले. "चप्पल तुटली व्हती तिची. अनवाणी पळाली." मी केवळ अक्षरे आणि अंक वाचत होतो, आणि ते त्या मुलींना पाहत होते, वाऱ्यासकट, चपलांसकट. महिनाभर आमचा हा क्रम चालला. त्यांच्या पत्नी म्हणत, "बघा सर, तुमी आले की जेवण जातं ह्यांना."

तो कागद एके दिवशी हाती येणारच होता. मला वरूनच ओळखू आला. नावे माझ्याच अक्षरात होती. मी तो खाली सरकवू लागलो.

"तोच वाचा," ते म्हणाले. त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

मी वाचत गेलो. शेवटच्या डावाशी आलो आणि थांबलो. त्यांनी स्वतःच म्हटले, "ई सहा."

बाहेर कोणी तरी हापसा मारीत होते.

"मला दिसला व्हता खडा," मामा म्हणाले.

मी कागद पेटीवर ठेवला.

"दिसला व्हता सर. पण तो स्कोअरवाल्याला दिसला का बापाला दिसला, हे मला कळंना. दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर मी डोळे मिटून हिट लिहिलं असतं. मनून तर तुमाला विचारलं."

तेव्हा मी सांगितले. इतक्या वर्षांनी, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून. "मलाही दिसला होता मामा."

त्यांचा डावा हात चादरीवर होता, तो तसाच राहिला. ते म्हणाले, "दोघांना दिसला असता तर हिट लिहिलं असतं." मग मलाच धीर द्यावा तसे म्हणाले, "जाऊ द्या. तुमचा स्वभाव मला ठाऊक व्हता. मी तुमाला विचारायलाच नको व्हतं."

"शिवानीला सांगू का मी?"

"काय सांगताव? बापाला दिसलं व्हतं, तरी चूक लिहिली, असं?" त्यांनी मान हलवली. "सध्या तिला वाटतंय, बापाला दिसलं न्हाई. आंधळा व्हता मनून ती माफ करील एखाद दिवशी."

त्यानंतर आम्ही कागद वाचले नाहीत. दोन महिन्यांनी ते गेले. त्यांच्या समाजात मृताला बसवून माती देतात. त्यांना खुर्चीत बसवून कपाळाला भस्म लावले, तेव्हा ते टेबलाशी बसत तसेच ताठ दिसत होते, आणि कानावर काही नव्हते. शिवानी पेडगावहून आली होती. ती रडली नाही. लोक निघाल्यावर तिने खुर्चीखाली सांडलेली फुले गोळा केली.

गेल्या रविवारी ती माझ्याकडे आली. सोबत ती पत्र्याची पेटी होती. "आई रद्दीत टाकायलीय," ती म्हणाली. "नावं तुमच्या अक्षरातली हायत सर. तुमीच ठेवा."

मी पेटी घेतली. ती चहाला थांबली. कप खाली ठेवताना तिने विचारले, "सर, तुमी अप्पांच्या शेजारीच व्हता त्या दिवशी. अप्पाला खरंच दिसला नव्हता का खडा?"

मी म्हणालो, आणखी थोडा चहा घे. तिने नको म्हटले. दारात चप्पल घालताना म्हणाली, "घाई न्हाई सर. आईला दवाखान्यात न्यायला मी पुढच्या रविवारी परत येणार हाय. आठवून ठेवा."

तिचे वडील आंधळे नव्हते, हे तिला सांगायचे म्हणजे त्यांनी तिच्यासाठी मागे ठेवलेला एकमेव आधार काढून घ्यायचा. न सांगायचे म्हणजे त्या टेबलाशी मी जे म्हणालो तेच तिच्याच तोंडावर पुन्हा म्हणायचे. आज शुक्रवार आहे.

परवा ती आली, म्हणजे मी तिला काय सांगावे?